१८५०च्या मागे जायचं तर नाव सोडा, जमीन धरा

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमची सून अमेरिकन. तिच्या आईकडचे लोक दक्षिण इंडियानातल्या ऑरेंज काउंटीतले (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जुने शेतकरी. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ करायला घेतलीत. छापील कुलवृत्तांत हाताशी असल्यानं तुमची बाजू पटकन झाली, पण सुनेची बाजू १८५०च्या जनगणनेपाशी येऊन अडली. त्या पानावर जॉन नावाचा शेतकरी आहे, वय ५२, जन्म नॉर्थ कॅरोलिना. बायको ४७ वर्षांची, जन्म केंटकी. सात मुलं, सगळी इंडियानात जन्मलेली, थोरला २४ वर्षांचा. आडनाव इतकं सर्रास आहे की शोध टाकला की शेकड्यांनी जॉन येतात, आणि इंटरनेटवरच्या वंशावळींत लोकांनी त्याला चार वेगवेगळे बाप चिकटवलेत. घरात सांगतात ती गोष्ट वेगळीच: आयर्लंडहून तीन भाऊ आले, जहाजातून उतरले आणि तीन दिशांना गेले. याच्या मागे जाता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

बहुतेक वेळा जाता येतं. केंटकी आणि इंडियानाच्या याच पट्ट्यातल्या घराण्यांवर मी बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे तुमचं पान पाहून मला धीर आला. पण आता जॉनचं नाव शोधणं थांबवा. त्याची जमीन शोधा, आणि त्या जमिनीच्या शेजारपाजारची माणसं शोधा.

असं का, ते सांगतो. जन्माचा दाखला मिळेल ही आशा आपण सोडत नाही आणि तिथेच फसतो. इंडियानात काउंट्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली ती १८८२मध्ये. पेनसिल्व्हेनियात राज्य पातळीवरची नोंद १९०६पासून, जॉर्जियात १९१९पासून. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधली गावं सतराव्या शतकापासून जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवत आली, म्हणून तिकडच्या वंशावळी सरळ मागे जातात आणि लोकांना वाटतं सगळी अमेरिका तशीच. ओहायो नदीच्या काठी जंगल तोडून वस्ती करणाऱ्याला मूल झाल्याचं कुणाला कळवायचं कारणच नव्हतं. माणसं बाप्टिस्ट असतील तर चर्चमध्येही बाळाची नोंद नाही, कारण त्यांच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात होतो. सरकारला आणि कोर्टाला रस होता तो जमीन कुणाची, कर कुणी भरला, कर्ज कुणाचं थकलं आणि माणूस मेल्यावर त्याच्या घोड्यांचं आणि नांगराचं काय झालं यात. म्हणून या लोकांची नातीगोती सापडतात ती याच कागदांत.

तरी आधी हाताशी असलेलं जनगणनेचं पान पिळून घ्या. थोरला २४चा आणि इंडियानात जन्मलेला, म्हणजे १८२६च्या सुमारास जोडपं इंडियानात होतं. लग्न १८२५च्या आगेमागे. काउंटी स्थापन झाली त्या वर्षापासून इंडियानातली लग्नांची वही सहसा असते, आणि ऑरेंज काउंटी १८१६ची. तेव्हा लग्न तिथलंच किंवा शेजारच्या काउंटीतलं असण्याची शक्यता मोठी. वयं मात्र ढोबळ धरा. गणनेला आलेल्या माणसाला घरात जो भेटला त्यानं सांगितलेली ती वयं, दोन-चार वर्षांची चूक सहज असते.

१८५०च्या आधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे. नवखे लोक म्हणूनच त्या सोडून देतात, पण त्या फार कामाच्या आहेत. १८२०मध्ये तुमचा जॉन बावीसच्या आसपास, अविवाहित, म्हणजे बहुधा बापाच्या घरात १६ ते २६ या रकान्यातला एक आकडा. त्या आडनावाची ऑरेंज आणि भोवतालच्या काउंट्यांतली १८२०ची सगळी घरं लिहून काढा आणि ज्या घरात त्या रकान्यात कुणीच नाही ती तूर्त बाजूला ठेवा. एक खोच लक्षात असू द्या: १८२०च्या तक्त्यात १६ ते १८ वयाच्या मुलांचा वेगळा रकाना आहे, आणि त्यातली मुलं १६ ते २६मध्ये पुन्हा मोजलेली असतात. हे न कळल्यानं लोक घरात नसलेला मुलगा जन्माला घालतात. १८३०मध्ये जॉन स्वतः कुटुंबप्रमुख असेल, त्याच्या ओळीच्या वर-खाली कोण आहे ते बघा. नावं वर्णानुक्रमानं लावली असतील तर मात्र शेजाराचा काही अर्थ उरत नाही.

आता जमीन. इंडियाना हे सरकारी मोजणीचं राज्य. १७८५च्या कायद्यानं पद्धत ठरली: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनचा चतुर्थांश १६० एकर, त्याचा चतुर्थांश ४० एकर. इंडियानाच्या बहुतेक भागाची मोजणी ज्या बिंदूपासून झाली तो बिंदू ऑरेंज काउंटीतच, पाओली या तिच्या मुख्य गावाच्या दक्षिणेला जंगलात आहे, तुम्ही तिकडे जाल तेव्हा बघून या. या जमिनींची पहिली मालकीपत्रं, ज्यांना पेटंट म्हणतात, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे नावानं शोधून थांबू नका. एकदा सेक्शनचा क्रमांक मिळाला की नावाची जागा मोकळी ठेवून फक्त टाउनशिप, रेंज (टाउनशिपांच्या उभ्या रांगेचा क्रमांक) आणि सेक्शन टाका. त्या सेक्शनमधल्या आणि लगतच्या सेक्शनांमधल्या सगळ्या पहिल्या खरेदीदारांची यादी समोर येते. ही यादी छापून भिंतीवर लावा. जॉनचा सासरा, मेहुणे, आणि केंटकीहून बरोबर आलेली मंडळी यातच असण्याचा संभव दाट.

पेटंटची तारीख म्हणजे माणूस आल्याची तारीख नव्हे. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण अब्राहम लिंकनच्या वडिलांचं. थॉमस लिंकन केंटकी सोडून इंडियानात आले १८१६च्या शेवटी. व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत त्यांनी १६० एकरांची नोंद केली १८१७मध्ये, उधारीवर. तेव्हा भाव एकरी किमान दोन डॉलर, चौथा हिस्सा आधी आणि बाकी हप्त्यांनी. सगळे हप्ते झेपले नाहीत, शेवटी अर्धी जमीन सोडून उरलेल्या अर्धीचं पेटंट त्यांना मिळालं १८२७मध्ये. नुसतं पेटंट बघणारा म्हणेल, हा माणूस १८२७ला आला आणि ८० एकर घेतली. अकरा वर्षांचा फरक! आणि ज्यांचे हप्ते पूर्णच बुडाले त्यांचं नाव पेटंटांत येतच नाही, त्यांच्यासाठी जमीन कचेरीच्या मूळ नोंदवह्या बघाव्या लागतात. १८२०च्या कायद्यानं उधारी बंद झाली, भाव एकरी सव्वा डॉलर झाला आणि ८० एकरांचा तुकडा रोखीनं मिळू लागला. जॉन स्वतः घेणाऱ्यांपैकी असेल तर बहुधा या काळातला.

लिंकनचंच उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी चांगलं आहे. ते आले पेरी काउंटीत, आणि १८१८पासून राहू लागले स्पेन्सर काउंटीत, घर न बदलता. काउंटीच्या सीमा सतत बदलत. १८१६च्या आधीचे कागद ऑरेंज काउंटीत शोधून उपयोग नाही, ते ज्या काउंट्यांतून ती कापली त्यांच्याकडे. केंटकी १७९२पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता, त्यामुळे 'जन्म व्हर्जिनिया' असं लिहिलेला माणूस खरं तर केंटकीच्या मातीत जन्मलेला असू शकतो. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं तारीखवार सीमांचा नकाशासंग्रह केलाय, तो उघडा ठेवूनच काम करा.

सीमांची ही एक चौकट, दुसरी इतिहासाची. दक्षिण इंडियानाची जमीन मायामी, डेलावेअर, पियांकेशॉ वगैरे लोकांकडून १८०३ ते १८०९ मधल्या करारांनी अमेरिकी सरकारनं घेतली. करार कसे झाले ही वेगळी, कडू गोष्ट. तुमच्या कामापुरतं असं, की करार, मग मोजणी, मग विक्री, या क्रमाच्या आधीची कुठलीही 'आमच्या पणजोबांनी १७९५ला इथे सरकारकडून जमीन घेतली' छाप कहाणी बाद.

माझ्या मते खरा खजिना काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खरेदीखतांत आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे फेरफार एकेक करून मागे वाचत जातो, तसं इथे एका तुकड्याचे दस्त वाचायचे. तुमच्या संशयित बापानं अमुक तुकडा घेतला हे कळलं, तर तो तुकडा त्याच्या घराण्यातून बाहेर कसा गेला ते शोधा. त्यानं स्वतः विकल्याचा दस्त नसेल, तर समजायचं की तो मालकीत असतानाच वारला आणि वारसांनी निकाल लावला. अशा दस्ताचा मजकूर साधारण असा असतो: अमुक आणि त्याची बायको नॅन्सी, तमुक आणि त्याची बायको पॉली, राहणार मिसूरी, आणि जॉन व त्याची बायको, आम्ही सगळे मयत फलाण्याचे वारस, नैर्ऋत्य चतुर्थांशातला आमचा अविभक्त सातवा हिस्सा अमक्याला विकतो. एका परिच्छेदात लेकी, जावई, कोण कुठे गेला, किती भावंडं, सगळं. मृत्युपत्रातही इतकं मिळत नाही. कारण बाप मृत्युपत्रात 'माझ्या बाकीच्या मुलांना एकेक डॉलर' लिहून मोकळा होतो.

हे दस्त लोकांना सापडत का नाहीत? सूचीत विकणारा म्हणून फक्त पहिलं नाव असतं आणि पुढे 'व इतर'. पहिलं नाव थोरल्या जावयाचं असेल तर तुमचं आडनाव सूचीत येतच नाही. म्हणून सूची उलटी वाचा: त्या सेक्शनमध्ये नंतर जमीन कुणी घेतली, त्या खरेदीदाराच्या नावाखाली बघा. शिवाय हल्ली फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हस्तलिखित दस्त संगणकानं वाचून पूर्ण मजकुरात शोधायची सोय झालीय, खातं फुकट असतं. तिथे जॉनचं नाव टाकण्यापेक्षा त्याच्या एखाद्या विचित्र आडनावाच्या शेजाऱ्याचं नाव टाका आणि काउंटी निवडा. हे एकच साधन आल्यापासून पूर्वी महिने खाणारं काम संध्याकाळभरात होतंय, मात्र यंत्र वाचताना बेधडक चुकतं, मूळ प्रतिमा डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही लिहून ठेवू नका. काही प्रतिमा घरून दिसत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं.

बायकांच्या माहेरची वाटही इथूनच जाते. नवऱ्यानं जमीन विकताना बायकोचा विधवा म्हणून असलेला तिसऱ्या हिश्श्याचा हक्क तिनं सोडल्याचं लिहून घ्यावं लागे, त्यासाठी अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत. म्हणून दस्तात बायकोचं नाव येतं, आणि ते ज्या वर्षी अचानक बदलतं त्या वर्षाच्या आधी पहिली वारली. टोपणनावं तेवढी पाठ करा: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सेरा. नाही तर एकाच बाईच्या दोन होतात.

समजा इंडियानातला बाप मिळाला. पुढची पायरी केंटकी. तिथल्या १७९० आणि १८००च्या जनगणना हरवल्यात, पण दरसाल केलेल्या कर-याद्या बऱ्याच टिकल्यात, आणि दर दहा वर्षांपेक्षा दरवर्षी केव्हाही बरं. एकवीस वर्षं झालेला गोरा पुरुष, त्याचे घोडे, एकर, आणि जमीन कुठल्या ओढ्यावर, हे सगळं त्यात असतं. एकाच नावाचे दोघे असतील तर ओढ्यावरून वेगळे काढता येतात. नव्या मुलाचं नाव यादीत आलं की त्याचं वय कळलं, बापाचं नाव गायब झालं की तो वारला किंवा नदी पार करून इंडियानात गेला. केंटकीतून इतके लोक उठून का गेले याचं कारणही जमीनच. तिथे इंडियानासारखी चौकोनी सरकारी मोजणी नव्हती. पांढऱ्या ओकच्या झाडापासून सुरुवात करून अमुक दिशेला इतके पोल, मग ओढ्याकाठच्या दगडापर्यंत, अशी चतुःसीमा. एक पोल साडेसोळा फुटांचा, पण ओक पडला की वाद. एकाच जमिनीवर दोन-तीन जणांचे दावे, आणि वकिलाला पैसे नसलेला शेतकरी हरायचा. अब्राहम लिंकननं स्वतः लिहून ठेवलंय, की घर हलवण्यामागे थोडं कारण गुलामगिरीचं आणि मुख्य कारण जमिनीच्या मालकीच्या भानगडींचं होतं. या भानगडींतून कोर्टाचे जे गठ्ठे झाले त्यांत म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या साक्षी आहेत: 'मी याच्या बापाला कॅरोलिनात असल्यापासून ओळखतो.' मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावंही असतात, ती वाचाच. साखळी धरायला घरचीच पोरं नाही तर मेहुणे असत.

लग्नासाठी केंटकी आणि नॉर्थ कॅरोलिना दोन्हीकडे नवरा जामीनखत लिहून देई. जामीनदार बहुतेक वेळा मुलीचा बाप किंवा भाऊ.

जॉनचा जन्म नॉर्थ कॅरोलिनातला आणि घर ऑरेंज काउंटीतलं, यामुळे एक प्रश्न विचारायलाच हवा: ही मंडळी क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाची, होती का? नॉर्थ कॅरोलिनातल्या क्वेकरांनी गुलामगिरीला विटून मोठ्या संख्येनं इंडियानाची वाट धरली आणि ऑरेंज काउंटीत लिक क्रीकला त्यांची वस्ती झाली. त्यांच्याबरोबर किंवा पाठोपाठ स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबंही १८२०च्या आधी तिथे येऊन जमीनमालक झाली. क्वेकर निघाले तर तुमचं काम निम्मं झालं. एका सभेतून (म्हणजे स्थानिक मंडळातून) दुसरीकडे जाताना ते दाखला घेऊन जात आणि त्यात घरातल्यांची नावं असत. बाहेरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून एखाद्याला काढून टाकलं तर तेही तारखेनिशी. तुमच्या जॉनची बायको केंटकीची, तेव्हा सभेच्या वहीत आधी असं काढून टाकणं शोधा.

जॉनचा आजोबा क्रांतियुद्धाच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या, वयाचा. १८३२च्या कायद्यानुसार पेन्शन मागणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाला ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठेकुठे राहिलात. त्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात कधीकधी अख्खं स्थलांतर तीन ओळींत असतं. विधवांना लग्न सिद्ध करावं लागे, आणि दाखला नसल्यानं कित्येकींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्न लिहिलेलं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं. ती पानं आजही त्या फायलींत आहेत. आजोबाचं नाव कळलं नसलं तरी जॉनच्या शेजारच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शन फायली वाचा, साक्षीदार म्हणून तो तिथे भेटतो.

आयर्लंडच्या तीन भावांबद्दल: ही कथा अमेरिकेतल्या निम्म्या घराण्यांत आहे. १८७०-८०च्या दशकांत काउंट्यांचे जाडजूड इतिहास निघाले, त्यात वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्याचं चरित्र छापत, आणि तो सांगेल तेच छापत. पूर्णपणे टाकून देऊ नका, वडील-आजोबांपर्यंतचा भाग बरेचदा बरोबर असतो. जहाजाच्या याद्यांत वेळ घालवू नका, १८२०च्या आधी सरकार त्या ठेवतच नव्हतं. इंटरनेटवरच्या चार बापांपैकी कुठलाही उचलण्याआधी त्या वंशावळीखाली पुरावा म्हणून कागद कुठला दिलाय ते बघा. 'दुसऱ्या वंशावळीवरून' असं असेल तर तो पुरावा नव्हे. डीएनए चाचणी सुनेच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करून घ्या, तिच्या आजीची मिळाली तर सोनं. पण कागदावरून दोन-तीन उमेदवार ठरल्यावर ती कामाला येते, त्याआधी नुसते हजारो अनोळखी चुलतभाऊ मिळतात.

एक अवघड गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. केंटकी-कॅरोलिनाच्या कागदांत, मेलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या यादीत, पलंग आणि घोडीच्या मध्ये माणसांची नावं आणि त्यांची किंमत दिसू शकते. सुनेला ते दाखवायचं की नाही असा विचार मनात येईल. दाखवा, आणि ती नावं तुमच्या टिपणात जशीच्या तशी उतरवा. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या तक्त्यांत नावंच नाहीत, फक्त वय, लिंग आणि वर्ण, आणि मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७०मध्ये. त्यांचे वंशज आज पूर्वज शोधतात तेव्हा बहुधा त्यांना तुमच्या हातात आलेला तो कागदच हवा असतो.

कागद जिथे ठेवतात त्या कोर्टहाउसला आग लागली होती असं कुणी सांगितलं तर लगेच हात टेकू नका. जळाल्यावर लोकांनी आपापल्या घरातले दस्त आणून पुन्हा नोंदवले, आणि शेजारच्या काउंटीत शेतीचा तुकडा असलेल्यांचे कागद तिकडे आहेत. १८९०ची जनगणना मात्र खरोखर गेली, १९२१मध्ये वॉशिंग्टनच्या आगीत आणि पाण्यात, तिच्यामागे लागू नका.

सुरुवात अशी करा. पाओलीच्या रेकॉर्डरकडे किंवा फॅमिलीसर्चवर जॉनच्या आडनावाच्या १८१६ ते १८६० मधल्या घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या सूचीची पानं काढा, एकही नोंद न गाळता. त्यातल्या प्रत्येक तुकड्याचा सेक्शन क्रमांक एका चौकटीच्या कागदावर मांडा. सोबत जॉनच्या १८५०च्या पानावरची त्याच्या वरची आणि खालची दहा-दहा घरं, जन्मराज्यांसह, उतरवून पाठवा. त्यांच्यात नॉर्थ कॅरोलिना आणि केंटकी अशीच जोडी असलेली आणखी दोन-तीन घरं निघाली, तर केंटकीत कुठल्या काउंटीच्या कर-याद्या आधी उघडायच्या ते मी त्यावरून सांगू शकेन.